फाशीची जन्मठेप केव्हा होते?

भारतीय कायद्यात खुनाला दोनच शिक्षा आहेत: जन्मठेप किंवा फाशी. निवड न्यायाधीशाने करायची, पण दोन्ही पारडी समान नाहीत. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने जन्मठेप हा नियम आणि फाशी हा अपवाद ठरवला. फाशी द्यायची तर निकालपत्रात ‘विशेष कारणे’ लिहावी लागतात. आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ही अट कायम आहे. शिवाय सत्र न्यायालयाने सुनावलेली फाशी उच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केल्याशिवाय अमलात येत नाही.

अपवाद कधी करायचा, याची कसोटी १९८० साली ‘बच्चनसिंग विरुद्ध पंजाब राज्य’ या खटल्यात ठरली. पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने फाशी घटनेत बसते असे म्हटले, न्या. पी. एन. भगवती यांचे मत विरोधी होते. मात्र ती ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरणातच, आणि तीही जन्मठेपेचा पर्याय निःसंशय बाद झाल्यावरच द्यावी, असे बहुमताने बजावले. त्यामुळे गुन्हा किती अमानुष होता एवढेच पाहून भागत नाही. गुन्हेगारही पाहावा लागतो. त्याचे वय, गुन्ह्याच्या वेळची मनःस्थिती, कोणाच्या दबावाखाली तो वागला का, तो सुधारू शकेल का, या गोष्टी शिक्षा सौम्य करण्याच्या बाजूने तोलल्या जातात. तो सुधारणार नाही हे पुराव्याने दाखवण्याचा भार सरकारवर असतो.

प्रत्यक्षात ही माहिती न्यायालयासमोर येतच नसे. वकील ‘अशिलाचे वय कमी आहे, घरी म्हातारे आईवडील आहेत’ एवढेच सांगे आणि शिक्षेवरची सुनावणी आटोपे. म्हणून २०२२मध्ये मध्य प्रदेशातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आरोपीचे बालपण, शिक्षण, कौटुंबिक परिस्थिती, मानसिक स्थिती आणि तुरुंगातील वर्तन यांची माहिती खालच्या न्यायालयातच गोळा करण्याचे निर्देश दिले.

चूक झाली तर फाशी परत घेता येत नाही, हा सावधगिरीचा आणखी एक आधार. नाशिक जिल्ह्यात २००३मध्ये घडलेल्या खून-बलात्काराच्या खटल्यात सहा जणांना सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची शिक्षा जन्मठेपेवर आणली. २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशी दिली. पुढे फेरविचारात हेच प्रकरण नव्याने ऐकले गेले आणि २०१९मध्ये सहाही जण निर्दोष सुटले. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश राज्य सरकारला झाला.

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षांनी सुटका, या समजामुळे न्यायाधीश फाशीकडे झुकण्याची भीती असते. त्यावर २००८मध्ये श्रद्धानंद खटल्यात मधला मार्ग निघाला: ठरावीक वर्षे, किंवा मरेपर्यंत, शिक्षेत सूट नसलेली जन्मठेप. २०१५मध्ये घटनापीठाने तो मान्य केला. मात्र अशी शिक्षा देण्याचा अधिकार उच्च व सर्वोच्च न्यायालयांपुरताच राखला.

सर्व अपिले आणि दयेचा अर्ज फेटाळला गेल्यानंतरही न्यायालयाचे दार बंद होत नाही. २०१४च्या शत्रुघ्न चौहान निकालात सर्वोच्च न्यायालयाने १५ जणांची फाशी जन्मठेपेत बदलली. दयेच्या अर्जावर सरकारने केलेला अवाजवी, स्पष्टीकरण नसलेला उशीर आणि कैद्याला जडलेला गंभीर मानसिक आजार ही त्यामागची प्रमुख कारणे होती. दोर कधी आवळला जाईल याची वर्षानुवर्षे वाट पाहणे ही वेगळीच यातना आहे आणि ती शिक्षेत लिहिलेली नसते, असा यामागचा विचार. किती वर्षे म्हणजे उशीर, याचा ठरावीक आकडा मात्र नाही.

हा उशीर कागदावर कसा दिसतो, ते पुण्यातील २००७च्या बलात्कार व खून खटल्यात कळते. राष्ट्रपतींनी मे २०१७मध्ये दयेचा अर्ज फेटाळला. फाशीचे वॉरंट निघाले एप्रिल २०१९मध्ये. मधली जवळजवळ दोन वर्षे शासन, तुरुंग आणि सत्र न्यायालय यांच्यात फाइल रेंगाळली. मुंबई उच्च न्यायालयाने या खटल्यातील दोघा दोषींची फाशी ३५ वर्षांच्या कैदेवर आणली आणि डिसेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. दयेचे अर्ज हाताळण्यासाठी राज्यांनी स्वतंत्र कक्ष नेमावेत, असेही सांगितले.

फाशी टळली म्हणून दोष पुसला जात नाही. कोल्हापूर परिसरातील बालकांच्या अपहरण व हत्यांच्या प्रकरणात दोन बहिणींची फाशी उशिरापायीच जानेवारी २०२२मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली. पंचवीस वर्षे तुरुंगात काढली आहेत, तेव्हा सोडून द्यावे, ही त्यांची मागणी मात्र मान्य झाली नाही. त्यांना मिळाली ती जन्मठेप.