चिकटवलेले गेले, आट्यांचे उरले!

घरात नळाचे काम निघाले की आपली मोठी पंचाईत होते. प्लंबर म्हणतो, "वहिनी, सगळंच नवीन लागेल." हे म्हणतात, "जुनं चांगलं आहे ना, मग तेच बसवायला सांग." पैशांचा हिशेब आपल्याकडे आणि उद्या भिंत ओली झाली तर बोलणीही आपल्यालाच! म्हणून एवढे एकच ओळखायला शिका: जोड कोणत्या जातीचा आहे?

आपल्याकडे बहुतेक घरांत गार पाण्याला पांढरा यूपीव्हीसी पाइप आणि गिझरच्या पाण्याला पिवळसर सीपीव्हीसी पाइप असतो. हे दोन्ही सोल्युशनने जोडतात. सोल्युशन म्हणजे नुसता डिंक नव्हे बरं का! ते पाइपचा आणि एल्बोचा पृष्ठभाग विरघळवून दोन्ही एकजीव करते. एकदा मळलेल्या कणकेतून पाणी वेगळे काढता येईल का? तसेच हे. असा एल्बो, टी किंवा सॉकेट कापून टाकायचा आणि नवा घालायचा. कोणी तो तापवून ओढून काढू लागला, तर खुशाल नको म्हणा. आतला भाग खराब झाला की नवा जोड धरत नाही.

नवा जोड करताना पाइप सरळ काटकोनात कापला पाहिजे. कडेची कुसे घासून काढून पाइप कोरड्या फडक्याने पुसावा. सोल्युशन पाइपला बाहेरून आणि एल्बोला आतून लावून, पाव फेरा देत पाइप आत ढकलावा आणि थोडा वेळ घट्ट धरून ठेवावा. डब्यावर दिलेला वेळ संपेपर्यंत पाणी सोडायचे नाही. डब्यातले सोल्युशन घट्ट झाले असेल तर ते फेकून द्या. आणि डबा सीपीव्हीसीचा आहे की यूपीव्हीसीचा, हेही वाचून घ्या.

दुसरी जात आट्यांच्या जोडांची. युनियन, व्हॉल्व्ह, नळ हे फिरवून काढता येतात आणि पुन्हा वापरताही येतात. मात्र उजेडात धरून तडा गेला नाही ना, ते पाहा. जुनी टेफ्लॉन टेप खरवडून काढा आणि नवी टेप आटे आवळतात त्याच दिशेने गुंडाळा. युनियनमधली रबरी रिंग म्हणजे कुकरची रिंगच समजा. कडक झाली की बदलायची. धातूचा नळ प्लॅस्टिकच्या आट्यांत जोर लावून पिळला तर प्लॅस्टिक तडकते. तिथे आत पितळी आटे असलेलाच एल्बो मागा.

तिसरी जात पेक्स पाइपची. हा पाइप वाकतो, म्हणून त्याला एल्बो कमी लागतात. त्यावर दाबून बसवलेली तांब्याची रिंग कापूनच काढावी लागते, ती पुन्हा चालत नाही. रिंग कापताना आतल्या प्लॅस्टिकच्या तुकड्यावर ओरखडा उठला तर तोही टाकावा. नुसता पाइप ढकलून बसणारा जोड मात्र कडी दाबून सोडवता येतो. आतली रबरी रिंग शाबूत असेल तर तो पुन्हा वापरा, पण पाइपचे दातांचे वळ उठलेले टोक आधी कापून टाका. हा पाइप गच्चीवर उन्हात उघडा ठेवू नका, ऊन त्याला मानवत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. टाइल बसवण्याआधी सगळे नळ बंद करून पाइपात पुऱ्या दाबाने पाणी भरायला लावा. काही तासांनी प्रत्येक जोडावरून वर्तमानपत्राचा कोरडा कागद फिरवा. कागद ओला झाला तर काम थांबवा. एक एल्बो वाचवण्यापायी पुढे टाइल फोडायची आणि खालच्या बिऱ्हाडाचे छतही रंगवून द्यायचे, ही कसली काटकसर? भिंतीत गाडला जाणारा जोड नवाच हवा. जुना बसवायचाच तर सिंकखाली, जिथे रोज आपली नजर पडते, तिथे बसवा.