पंधरा वर्षं झाली म्हणून गाडी विकू नका

२०१० ते २०१२ या काळात महाराष्ट्रातल्या कितीतरी मध्यमवर्गीय घरांत पहिली चारचाकी आली. वॅगनआर, सँट्रो, आल्टो, इंडिका, स्विफ्ट अशा त्या गाड्या. आता त्यांच्या आरसी बुकावरची पंधरा वर्षांची मुदत संपत आली आहे किंवा संपली आहे. सोसायटीत, लग्नघरात, कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच सल्ला मिळतो: "आता ती भंगारातच जाणार. मिळेल त्या किमतीला देऊन टाका." ऐकीव माहितीवर विसंबून चांगल्या चालत्या गाड्या कवडीमोलाने विकल्या जात आहेत आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावरची माणसं नवं कर्ज डोक्यावर घेत आहेत. म्हणून यातलं खरं काय आणि खोटं काय, हे सविस्तर सांगायला हवं.

गैरसमज: पंधरा वर्षांनंतर गाडी रस्त्यावर आणणं बेकायदा आहे

महाराष्ट्रातल्या खासगी गाडीसाठी असा कायदा नाही. मोटार वाहन कायद्यानुसार खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते आणि त्यानंतर ती दर वेळी पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. आपण ज्याला 'पुन्हा पासिंग' म्हणतो ते हेच. मुदत संपण्याआधीच्या साठ दिवसांत अर्ज करायचा, गाडी तपासणीला न्यायची, पर्यावरण कर आणि शुल्क भरायचं. ब्रेक, दिवे, धूर, एकूण अवस्था ठीक असेल तर नोंदणी वाढते.

मग ही समजूत आली कुठून? दिल्लीच्या राजधानी परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचे आदेश निघाले. हरित लवादाने २०१५ मध्ये आदेश दिले, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते उचलून धरले. त्यावर पुढेही बरंच न्यायालयीन मंथन झालं, पण ते सारं त्या परिसरापुरतं. दुसरं म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी वाढवणं बंद झालं. तो नियम सरकारी ताफ्याचा आहे, तुमच्या दारातल्या गाडीचा नाही. तिसरं, जानेवारी २०२५ मध्ये मुंबई महानगर प्रदेशातल्या पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का, हे तपासायला राज्य सरकारने समिती नेमली. समिती नेमली म्हणजे बंदी आली असं होत नाही. या तीन बातम्या एकमेकींत मिसळल्या आणि 'पंधरा वर्षं म्हणजे भंगार' हे समीकरण घट्ट झालं.

पुन्हा पासिंग महाग झालं आहे, हे मात्र खरं. एप्रिल २०२२ पासून चारचाकीच्या नोंदणी-नूतनीकरणाचं शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झालं. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या गाडीला ते १०,००० रुपये आहे. उशीर केला तर महिन्याला ५०० रुपये जादा. पाच वर्षांवर वाटून पाहिलं तर हा आकडा नवी गाडी घ्यायला लावेल इतका मोठा नाही. एजंट सांगेल तो आकडा मात्र डोळे झाकून मान्य करू नका. सरकारी शुल्क किती आणि त्याचे किती, हे वेगवेगळं लिहून मागा.

गैरसमज: दुरुस्तीवर पैसे घालण्यापेक्षा तेच हप्त्यात गेलेले बरे

सगळ्यात जास्त घरं इथे फसतात, म्हणून हिशेब नीट मांडू.

समजा आठ लाखांची पेट्रोल गाडी घेतली. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के एकरकमी कर आहे, म्हणजे ८८,००० रुपये. जुन्या गाडीचा हा कर पंधरा वर्षांपूर्वीच भरून झाला आहे. सहा लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं तर हप्ता साडेबारा हजारांच्या आसपास बसतो आणि पाच वर्षांत व्याजाचे जवळपास दीड लाख जातात. हप्त्यातली मुद्दल गाडीच्या रूपाने दारात उभी असते, हे कबूल. पण ती गाडीही रोज स्वस्त होत असते. विमा कंपन्यांच्या प्रचलित घसारा-तक्त्याप्रमाणे पाच वर्षांत गाडीची किंमत निम्म्यावर येते. म्हणजे चार लाख गेले. घसारा, व्याज आणि कर मिळून पाच वर्षांत सव्वासहा लाखांच्या वर रक्कम जाते. वर्षाला सव्वा लाख. यात विमा, सर्व्हिसिंग आणि पेट्रोल अजून धरलेलं नाही.

आता जुनी गाडी. एखाद्या वाईट वर्षी क्लचप्लेट, सस्पेन्शन, बॅटरी, टायर असं सगळं एकदम निघालं आणि पन्नास हजारांचा फटका बसला, असं समजू. तो लागतो, कारण एका दिवशी खिशातून जातो. हप्ता बँकेतून आपोआप कापला जातो, म्हणून टोचत नाही. पण पाचही वर्षं तशीच वाईट गेली तरी खर्च अडीच लाखच होतो.

"नवीचं अॅव्हरेज चांगलं असतं" हा पुढचा युक्तिवाद. वर्षाला ६,००० किलोमीटर चालणारी गाडी लिटरला १४ ऐवजी २० किलोमीटर देऊ लागली, तर सुमारे १३० लिटर पेट्रोल वाचतं, म्हणजे तेरा-चौदा हजार रुपये. बचत खरी आहे, पण सव्वा लाखापुढे ती तोकडी पडते. वर्षाला पंचवीस-तीस हजार किलोमीटर चालवणाऱ्याचं गणित मात्र वेगळं. त्याच्यासाठी नवी गाडी, विशेषतः सीएनजी, सोयीची ठरू शकते.

सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि त्या स्वस्त झाल्या, हेही खरं. घ्यायचीच असेल त्याला याचा फायदा आहे. गरज नसताना घेण्याचं ते कारण होत नाही.

गैरसमज: जुनी गाडी म्हणजे पर्यावरणाची हानी, नवी म्हणजे सुटका

इथे पेट्रोल आणि डिझेल वेगळं करावं लागतं. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. वरच्या उदाहरणात वर्षाला तीनशे किलो वाचेल. पण नवी गाडी बनवताना पोलाद, अॅल्युमिनियम, प्लास्टिक, वाहतूक यांपायी कित्येक टन कार्बन डायऑक्साइड आधीच हवेत गेलेला असतो. पाच टन धरले तरी ते भरून निघायला सोळा-सतरा वर्षं लागतील. कमी चालणारी, धड राखलेली पेट्रोल गाडी ठेवली तर पर्यावरणाचा अपराध होत नाही.

शहरात रोज फिरणाऱ्या जुन्या डिझेल गाडीची बाजू मला घेता येत नाही. बीएस-४ या प्रदूषण-मानकाच्या डिझेल गाडीला किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडची मुभा होती, बीएस-६ मध्ये ती ८० वर आली. बारीक कणांची मर्यादा २५ वरून ४.५ मिलिग्रॅमवर आली. बीएस-३ गाडी तर याहून वाईट. हा धूर शाळेच्या फाटकासमोर उभ्या असलेल्या मुलांच्या छातीत जातो. अशी गाडी सोडून द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

गैरसमज: ई-२० पेट्रोलने जुनं इंजिन संपतं

ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून अॅव्हरेज थोडं घटतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी ही घट ६ ते ७ टक्के सांगितली होती. जुने रबरी पाइप आणि गॅस्केट लवकर कडक होऊ शकतात. सर्व्हिसिंगच्या वेळी ते तपासून घ्या, गळती वा पेट्रोलचा वास आला तर लगेच बदला. इथेनॉल ओलावा शोषतं, म्हणून गाडी महिनोन् महिने उभी ठेवू नका. एवढी काळजी पुरते.

"इंजिन ठणठणीत, म्हणजे गाडी ठणठणीत"

हा उलट्या बाजूचा गैरसमज, आणि अधिक धोक्याचा. इंजिनाचं काम करून घेता येतं. सडलेल्या पत्र्याचं तसं नाही. कोकण, मुंबई, गोवा इथली खारी हवा आणि पाऊस गाडीला खालून खातात. गाडी रॅम्पवर चढवून जॅक लावायची जागा, दारांखालचा पत्रा, सस्पेन्शन जिथे बसतं ते भाग मेकॅनिकला स्क्रू-ड्रायव्हरने टोचून दाखवायला सांगा. टोक आत गेलं तर वरून पुट्टी आणि रंग लावून भागणार नाही. अपघातात माणसांना वाचवणारा सांगाडाच तिथे कमकुवत झालेला असतो.

सुरक्षेचंही तसंच. सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस एप्रिल २०१९ पासून आणि चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. समोरून होणाऱ्या धडकेची चाचणी नव्या मॉडेलांना ऑक्टोबर २०१७ पासून आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्यांना ऑक्टोबर २०१९ पासून लागू झाली. २०११ च्या साध्या मॉडेलमध्ये यातलं बहुधा काहीच नाही, आणि ते नंतर बसवूनही मिळत नाही. गावातल्या गावात, दवाखाना-बाजारापुरती गाडी वापरणाऱ्याने हा धोका तोलून निर्णय घ्यावा. पण मुलाबाळांना घेऊन वारंवार समृद्धी महामार्गावर किंवा रात्री मुंबई-गोवा रस्त्यावर जाणाऱ्या कुटुंबाने सव्वा लाखाचा हिशेब बाजूला ठेवून गाडी बदलावी. चार-पाच वर्षांची, एअरबॅग आणि एबीएस असलेली जुनी गाडीही चालेल.

कंपनीनेच भारतात विक्री बंद केली असेल, जशी शेव्हर्लेने २०१७ मध्ये केली, तर सुटे भाग मिळतात का, हे आधी पाहा. महत्त्वाचा भाग महिनाभर शोधावा लागत असेल तर ती गाडी रोजच्या भरवशाची उरली नाही.

ठेवायची ठरली तर

इंजिन ऑइल सगळेच बदलतात. ब्रेक ऑइल विसरतात. ते हवेतला ओलावा धरतं आणि घाटात तापल्यावर ब्रेक सैल पडू शकतात, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदला. टायमिंग बेल्ट असेल तर तो मुदतीत बदला, कारण तो तुटला की बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात. टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा: ३४१८ म्हणजे २०१८ सालचा चौतिसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी इतका जुना टायर महामार्गावर नेऊ नका.

सोडायची ठरली तर

भंगारवाल्याला रोख घेऊन गाडी दिली की विषय संपला, असं समजणं सर्वांत महागात पडू शकतं. नोंदणी ज्याच्या नावावर, तोच मालक आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याचीच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. मोडीत काढायची तर सरकारमान्य केंद्रातच द्या आणि ठेव प्रमाणपत्र घ्या. नव्या गाडीच्या नोंदणी शुल्कात आणि करात त्यावर सवलत मिळते. नो क्लेम बोनस गाडीचा नसून तुमचा असतो, तोही विमा कंपनीकडून लिहून घेऊन नव्या गाडीला लावा. विकायची तर फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून थांबू नका. आरटीओच्या नोंदीतून आपलं नाव निघाल्याचं स्वतः पाहा, आणि तोवर गाडीच्या कागदपत्रांच्या प्रती जपून ठेवा.