तसबिरी विकणाऱ्याने कराला भ्यायचे का?

नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपूरला दीक्षा दिली. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांनी त्या सोहळ्यासाठी मोठे कष्ट घेतले. त्या स्मृतीला वंदन करण्यासाठी दरवर्षी १५ व १६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर चंद्रपूर-गडचिरोलीच्या खेड्यापाड्यांतून समाज लोटतो. घरी परतताना बहुतेकांच्या पिशवीत एखादे पुस्तक असते आणि बुद्धाची किंवा बाबासाहेबांची एक तसबीर असते.

या तसबिरी विकणारे बहुतेक आपलेच बांधव व भगिनी. कुणी स्वतः काढलेल्या फोटोंच्या प्रती विकतो, कुणी मोठ्या शहरातून घाऊक माल आणून घरी फ्रेम बसवतो. सोहळा संपला की हाच माल आठवडी बाजारात, जयंतीला, बुद्ध पौर्णिमेला पथारीवर मांडला जातो. धंदा लहान, पण त्यावर मुलांच्या शाळेचा खर्च निघतो. या लोकांच्या मनात एक भीती आम्हाला नेहमी आढळते. "धंदा वाढवला तर सेल्स टॅक्सवाले पकडतील." या भीतीपोटी कुणी हिशेबच ठेवत नाही, तर कुणी गरज नसताना दलालाला पैसे देऊन नंबर काढून घेतो. या दोन्ही गोष्टींत नुकसान आपलेच आहे.

कर कोणता?

लोक अजून 'सेल्स टॅक्स' म्हणतात, पण तो आता राहिला नाही. मुंबई विक्रीकर कायदा १९५९ चा. १ एप्रिल २००५ पासून महाराष्ट्रात त्याच्या जागी व्हॅट आला आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर, म्हणजे जीएसटी, लागू झाला. फोटो, तसबीर, कॅलेंडर यांवर जीएसटी आहे. छापील पुस्तकावर नाही. म्हणजे एकाच पथारीवर बाबासाहेबांचे पुस्तक करमुक्त आणि बाबासाहेबांचा फोटो करपात्र असतो.

कुणाला नोंदणी लागते?

महाराष्ट्रात फक्त वस्तू विकणाऱ्याची वर्षाची एकूण विक्री ४० लाख रुपयांच्या वर गेली तरच नोंदणी सक्तीची होते. येथे नफा पाहत नाहीत, विक्री पाहतात, आणि पुस्तकांची करमुक्त विक्रीही त्यात मोजतात. आता हिशेब करून पाहा. वर्षातले ३०० दिवस दुकान मांडले तरी ४० लाख गाठायला रोज १३,३३३ रुपयांची विक्री हवी. १०० रुपयांची तसबीर धरली तर रोज १३३ तसबिरी! आठवडी बाजारात एवढा खप कुणाचा आहे? तेव्हा आपल्या बहुतेक विक्रेत्यांना हा नंबर लागतच नाही.

ही सूट कुणाची मेहेरबानी नाही. बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ होते. प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ चा आहे. १९२७ साली मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी शेतसाऱ्यावर बोट ठेवले. प्राप्तिकर कमी उत्पन्नाच्या माणसाला सोडतो, मग शेतसारा मात्र लहानातल्या लहान शेतकऱ्यालाही का सोडत नाही, असा त्यांचा सवाल होता. ज्याची जेवढी ऐपत त्याने तेवढा कर द्यावा, हा त्यामागचा विचार. लहान विक्रेत्याला नोंदणीतून मिळणारी सूट याच न्यायाची आहे. ती मान वर करून घ्यावी.

शिवाय लहान विक्रेता कर देत नाही, असे कुणी म्हणू नये. घाऊक व्यापाऱ्याकडून माल, काच, फ्रेमची पट्टी घेताना त्यावरचा जीएसटी तो भरतोच. त्याला तो परत मिळत नाही, म्हणून विक्रीचा भाव ठरवताना ही रक्कम खर्चात धरावी.

फोटो काढणाऱ्यांनी लक्षात ठेवावे

फोटो विकणे आणि लग्न-वाढदिवसाचे फोटो काढून देणे या कायद्याने वेगळ्या गोष्टी आहेत. यावर न्यायालयांतही बराच वाद झाला. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की ग्राहकाचा फोटो काढून त्याच्या प्रती देणे हे कौशल्याचे काम, ती विक्री नव्हे. पुढे ४६ वी घटनादुरुस्ती झाली आणि २०१५ मध्ये त्याच न्यायालयाने फोटोच्या छपाईत वापरलेल्या मालावर राज्याला विक्रीकर लावता येतो, असे ठरवले. जीएसटीत ग्राहकाचे फोटो काढून देणे ही सेवा धरली जाते. म्हणून जो ऑर्डरचे फोटोही काढतो आणि बाजारात तसबिरीही विकतो, त्याच्या दोन्ही कामांची बेरीज होते व नोंदणीची मर्यादा ४० नव्हे, २० लाखांची धरावी लागते.

सीमा ओलांडताना सावध

आपले जिल्हे सीमेवरचे. सिरोंचाहून नदी ओलांडली की तेलंगणा, धानोरा-कोरचीच्या पलीकडे छत्तीसगड. पलीकडच्या बाजारात पथारी टाकायची असेल तर ४० लाखांची सूट चालत नाही. तेथे 'नैमित्तिक करपात्र व्यक्ती' म्हणून किमान ५ दिवस आधी अर्ज करून, अंदाजे कर आगाऊ भरून नोंदणी घ्यावी लागते. ती एका वेळी जास्तीत जास्त ९० दिवसांची असते. महाराष्ट्रातून परराज्यात माल विकून पाठवला तरी नोंदणी लागते. कित्येकांना हे माहीत नसते आणि दंड झाल्यावरच कळते.

बाजाराची पावती वेगळी

बाजारात बसण्याचे जे पैसे ग्रामपंचायत, नगर परिषद किंवा त्यांचा ठेकेदार घेतो, तो जीएसटी नव्हे. ते पैसे द्यावेत, पण पावती घेतल्याशिवाय नाही. गडचिरोलीच्या अनुसूचित क्षेत्रात १९९६ च्या पेसा कायद्याने गावबाजाराच्या व्यवस्थापनाचा अधिकार ग्रामसभा व पंचायतीकडे दिला आहे. बाजारफी जाचक वाटली तर ग्रामसभेत उभे राहून विचारावे. आणि जीएसटीच्या नावाने कुणी कच्च्या चिठ्ठीवर रोख मागू लागला, तर देऊ नये. हा कर चलनाने सरकारजमा होतो.

चार गोष्टी पाळाव्यात

पहिली, नोंदणी नसताना ग्राहकाकडून जीएसटीच्या नावाने एक पैसाही घेऊ नये, बिलावर तसे लिहू नये. तो गुन्हा ठरतो आणि घेतलेली रक्कम सरकारला भरावी लागते.

दुसरी, गरज नसताना नंबर काढू नये. नोंदणीला सरकारी फी नाही, दलाल घेतो ती त्याची मजुरी. पण नंबर घेतला की विक्री शून्य असली तरी विवरणपत्र भरावेच लागते. न भरल्यास रोजचे विलंब शुल्क चढते. १०० रुपयांची तसबीर विकणाऱ्याला हा भार सोसत नाही.

तिसरी, धंदा खरोखर वाढून मर्यादा ओलांडली तर ३० दिवसांच्या आत नोंदणी करावी. दीड कोटीपर्यंतच्या विक्रेत्याला 'कंपोझिशन' योजनेत विक्रीच्या १ टक्का कर भरून मोकळे होता येते. मात्र तो ग्राहकाकडून वेगळा घेता येत नाही, आणि परराज्यात मालही विकता येत नाही.

चौथी आणि सगळ्यांत महत्त्वाची, वही ठेवावी. तारीख, बाजाराचे गाव, आणलेला माल, झालेली विक्री, बैठकीचे पैसे, गाडीभाडे, एवढे रकाने पुरेत. घाऊक खरेदीची बिले त्याच वहीत खोचून ठेवावीत. घरात शिकलेली मुलगी, सून किंवा मुलगा असेल तर रोज संध्याकाळी दहा मिनिटांत हे काम होते. कुणी विचारले की आपली विक्री मर्यादेच्या आत आहे, हे सांगायला तोंडी शब्द पुरत नाही, वही लागते. बँकेकडे कर्ज मागायला गेलो तरी तीच वही कामी येते.

सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे हे आपल्या आजोबा-पणजोबांना वाचता येत नव्हते, म्हणून पिढ्यान् पिढ्या ते फसवले गेले. आज लेखणी आपल्या हातात आहे. 'शिका' म्हणताना बाबासाहेबांना केवळ शाळेचे शिक्षण अभिप्रेत नव्हते. आपला हिशेब आपण लिहिणे आणि आपल्याला लागू असलेला कायदा आपण समजून घेणे, हेही शिकणेच आहे. ज्यांच्या घरी असा लहान धंदा आहे त्यांनी या बाजारापासून वही सुरू करावी आणि शेजारच्या पथारीवाल्यालाही ती दाखवावी.

जय भीम!