टेलिफोनचे घर बदलताना

तिपाईवर, विणलेल्या रुमालाखाली बसलेला काळा टेलिफोन ज्यांनी वापरला आहे, त्यांना एक गोष्ट आठवत असेल. वीज गेली, पंखे थांबले, दिवे मालवले, तरी रिसीव्हर कानाशी धरला की तो परिचित स्वर ऐकू येई. असे का होई? कारण ते यंत्र घरच्या विजेवर चालत नव्हते. एक्स्चेंजमधील सुमारे ५० व्होल्टच्या बॅटऱ्या तांब्याच्या दोन तारांवाटे त्याला प्रवाह पुरवीत होत्या.

पुढे याच तारांवर ब्रॉडबँड नावाचा पोटभाडेकरू आला. टेलिफोनवरील बोलणे सेकंदाला सुमारे ३०० ते ३,४०० कंपनांत मावते, ब्रॉडबँड २५,००० च्या वरची कंपने वापरतो. आणि दोघांची गल्लत होऊ नये म्हणून फिल्टरची लहानशी डबी मध्ये असते. तेव्हा एकाच तारेवर दोन बिऱ्हाडे सुखाने नांदली. पण मूळ भाडेकरूने घर सोडले तर पोटभाडेकरूचे काय होणार? आजच्या विषयातील खरी अडचण हीच आहे.

इंटरनेटवरून बोलणे म्हणजे काय, ते आधी पाहू. आपला आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजतात आणि प्रत्येक मापाचा आठ खुणांचा आकडा करतात. म्हणजे सेकंदाला ६४,००० खुणा झाल्या. त्यांची साधारणपणे ५० पाकिटे करून ती इंटरनेटवर सोडतात आणि पलीकडे त्यांचा पुन्हा आवाज होतो. साध्या ब्रॉडबँडलाही हा भार जड नाही. मात्र पाकिटे उशिरा किंवा मागेपुढे पोहोचली, तर बोलणे तुटक होते.

ब्रिटनमध्ये हे स्थलांतर आता ऐच्छिक राहिलेले नाही. तेथील जुने टेलिफोन-जाळे २०२५ च्या डिसेंबरात बंद व्हावयाचे होते. २०२४ साली ती मुदत वाढवून जानेवारी २०२७ करण्यात आली. गृहस्थापुढे दोन मार्ग आहेत. पहिला सोपा : ब्रॉडबँडच्या कंपनीचीच नवी सेवा घ्यावी आणि जुने यंत्र भिंतीऐवजी राउटरला जोडावे. दुसरा मार्ग असा, की आपला क्रमांक इंटरनेट-टेलिफोनच्या निराळ्या कंपनीकडे न्यावा. यात बरेचदा खर्च वाचतो, पण पाय घसरण्याच्या दोन जागा आहेत. जुनी जोडणी आधी बंद केली, तर वर्षानुवर्षांचा क्रमांक हातचा जाण्याची भीती असते. उलट, चालू जोडणीवरून क्रमांक हलविला, तर ती जोडणी बंद होते आणि तिच्यावरचा ब्रॉडबँडही तिच्याबरोबर जातो.

म्हणून क्रम सांभाळावा. टेलिफोनवाचून स्वतंत्र चालणारा ब्रॉडबँड आधी घ्यावा. तो नीट चालू झाला, की मग क्रमांक हलवावा. जुने खाते सर्वांत शेवटी मिटवावे. चार दिवस दोन बिले येतील, ती येऊ द्यावीत. जुन्याच कंपनीकडे राहावयाचे असल्यास 'क्रमांक गेला तरी ब्रॉडबँड राहील' हे तिच्याकडून लेखी घ्यावे, आणि कराराची मुदत उरली आहे काय, तेही विचारावे.

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. राउटर घरच्या विजेवर चालतो. वीज गेली की तो मुका होतो. एकट्या राहणाऱ्या एखाद्या वृद्ध बाईंच्या गळ्यात संकटसूचक बटण असते. त्या पडल्या तर बटण दाबतात आणि टेलिफोनच्या तारेवरून मदतकेंद्राला वर्दी जाते. नव्या जोडणीवर हे बटण चालतेच असे नाही. ब्रिटनमध्ये अशा यंत्रांच्या बाबतीत गंभीर प्रसंग ओढवल्यावर, डिसेंबर २०२३ मध्ये कंपन्यांनी सरकारसमोर एक सनद मान्य केली. वीज गेली तरी निदान एक तास तातडीचा टेलिफोन लागण्याची सोय लँडलाइनवरच विसंबून असणाऱ्यांना मिळाली पाहिजे, असे तेथील नियामक मंडळाने २०१८ सालीच सांगितले होते. हा तास मागून घ्यावा लागतो. न मागणारा अंधारात राहण्याचा संभव असतो.

आपल्यापैकी कित्येकांची मुले ब्रिटनमध्ये आहेत, म्हणून ही हकिगत सांगितली असे मात्र नव्हे. आपल्याकडेही तांब्याच्या जागी काचेचा तंतू येत आहे. काचेतून प्रकाश जातो, वीज जात नाही. ज्यांच्या घरी इन्व्हर्टर आहे त्यांनी राउटर आणि तंतूची पेटी त्यावर जोडून घ्यावी. बदल झाल्यावर एका संध्याकाळी मेन स्विच बंद करून शेजाऱ्यांना टेलिफोन लावून पाहावा. लागला तर ठीकच. न लागला तर जवळ भरलेला मोबाइल ठेवावा, आणि घरातील वडीलधाऱ्यांना तो कसा वापरावयाचा, ते त्याच संध्याकाळी शिकवावे.