दोन कॅमेरा-फोन आणि एक आंकडा

श्रोतेहो, यंत्राची योग्यता एकाच आंकड्यावरून ठरवूं नये. २००६ सालचे नोकिया एन७३ व सोनी एरिक्सन के८००आय हे फोन घ्या. दोहोंचे कॅमेरे ३.२ मेगापिक्सेलचे, म्हणजे चित्रांत सुमारें ३२ लाख बिंदु. फोकसहि दोहोंत आपोआप साधतो. पडदा मात्र एन७३ चा मोठा. परंतु दिवेलागणीनंतर अंगणांत धांवणारें मूल टिपावयाचें झालें, कीं खरा भेद उघड होतो. के८००आयचा झेनॉन दिवा क्षणमात्रच, पण प्रखर चमकतो. त्यामुळें हालचाल जागच्या जागीं स्पष्ट उमटते. एन७३ चा एलईडी दिवा त्या मानानें मंद. म्हणून आकृति फरांटते. बिंदूंची संख्या कितीहि असो, प्रकाशावांचून ती व्यर्थ होय. यास्तव कॅमेरा घेणाऱ्यानें आधीं स्वतःस विचारावें : आपण चित्रें बहुधा कोणत्या उजेडांत काढतों?