गोळी सोडू नका, बदलून घ्या

"पायाला सूज यायला लागली, म्हून म्या गोळीच बंद केली." रविवारी वंदना झाली की विहाराच्या ओट्यावर हे वाक्य हमखास कानावर पडते. लगेच दुसरी बाई म्हणते, "बरं केलं, त्या गोळीनं किडनी जाती म्हणते." तिसरी म्हणते, "मला तर काहीच त्रास नाही, मग रोज कशाला खायची?" जालना शहरातील वस्ती असो की मंठा, परतूर, घनसावंगीकडचे गाव, बोलणे हेच. आणि मग एखाद्या सकाळी घरातल्या कर्त्या माणसाचे तोंड वाकडे होते, हातातली भाकर गळून पडते. हातावर पोट असणाऱ्या घरात लकवा एकट्या माणसाला होत नाही, सगळे घर खाली बसते.

गोळीचा त्रास होतो हे खोटे नाही. तो सोसत बसायचे नाही आणि गोळी मनाने बंदही करायची नाही. त्रास डॉक्टरांना सांगून गोळी किंवा डोस बदलून घ्यायचा. हा रुग्णाचा हक्क आहे, उपकार नव्हे.

कोणत्या गोळीने काय होते?

ॲम्लोडिपिन ही सरकारी दवाखान्यात सर्वांत जास्त मिळणारी गोळी. हिच्यामुळे काहींच्या दोन्ही घोट्यांना संध्याकाळी सूज येते, सकाळी ती उतरते. पायातल्या बारीक रक्तवाहिन्या सैल होऊन पाणी झिरपते, म्हणून ही सूज येते. ती किडनी गेल्याची खूण नव्हे. उलट किडनी खराब करते ते ताब्यात नसलेले बीपी. ५ मि.ग्रॅ.पेक्षा १० मि.ग्रॅ.वर सूज जास्त दिसते. डॉक्टर डोस कमी करून जोडीला टेल्मिसार्टन देऊ शकतात; त्याने बहुधा सूज कमी होते. मात्र एकाच पायाला सूज, तोंडावर सूज किंवा धाप लागत असेल, तर कारण वेगळे असू शकते. लगेच दाखवा.

एनालाप्रिल, रामिप्रिल या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो. खोकल्याचे औषध पिऊन तो जात नाही, गोळी बदलल्यावर जातो. ओठ किंवा जीभ सुजली तर मात्र पुढची गोळी न घेता तडक दवाखाना गाठा. या गोळ्या आणि टेल्मिसार्टन गरोदरपणात चालत नाहीत. दिवस गेल्याची शंका आली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. टेल्मिसार्टन चालू असताना 'कमी सोडियमचे मीठ' विचारल्याशिवाय वापरू नका. त्यात पोटॅशियम असते आणि या गोळीने ते रक्तात आधीच वाढू शकते.

हायड्रोक्लोरोथायाझाइड, क्लोरथॅलिडोन या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या. यांनी पायात गोळे येतात, अशक्तपणा वाटतो. त्या सकाळी घ्याव्यात, म्हणजे रात्री उठावे लागत नाही. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांनी नाडी मंदावते, थकवा येतो. या दोन गोळ्या एकदम बंद केल्या तर छातीत कळ येऊ शकते, बीपी उसळते. दमा असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

डोस वाढला म्हणजे आजार बळावला का?

नाही. देशात २०१७ साली उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू झाला, पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. त्याची रीत सोपी आहे: ठरलेल्या मोजक्या गोळ्या, लहान डोसपासून सुरुवात आणि बीपी १४०/९० च्या खाली येत नसेल तर एकेक पायरी वर. म्हणजे दुसरी गोळी जोडणे हा उपचाराचाच भाग आहे.

गोळीचा पूर्ण गुण यायला काही आठवडे लागतात. आज घेतली आणि उद्या मोजून "गुण नाही" म्हणू नये. मोजण्याआधी पाच मिनिटे शांत बसा. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, मिसरी नको. एक दिवस गोळी विसरली तर आठवल्यावर घ्या. दुसऱ्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर राहू द्या, दोन एकदम घेऊ नका.

एक चूक फार होते. सरकारी गोळी चालू असतानाच खाजगी डॉक्टर दुसऱ्या नावाची गोळी देतात आणि आत औषध तेच असते. पाकिटावर मोठ्या अक्षरात कंपनीचे नाव असते, औषधाचे नाव बारीक असते. नावापुढे 'एएम' असेल तर त्यात बहुधा ॲम्लोडिपिन असते, 'एच' असेल तर लघवीची गोळी. इंग्रजी वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातवाकडून वाचून घ्या. दवाखान्यात जाताना घरातली सगळी पाकिटे एका पिशवीत न्या.

अंगदुखीच्या गोळ्यांचेही तसेच. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी बीपी वाढते. टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी चालू असताना त्या किडनीवर ताण आणतात. "किडनी जाती" ही भीती खरी ठरायची तर अशा गोळ्यांनी ठरते. दुखण्यासाठी काय चालेल ते विचारून घ्या.

ऊन, ऊसतोड आणि प्रवास

जालन्याचा उन्हाळा ४० अंशांपुढे जातो. रोलिंग मिलमध्ये भट्टीजवळ किंवा शेतात उन्हात राबणाऱ्याच्या अंगातले पाणी घामावाटे जाते, त्यात लघवीची गोळी. मग उठताना डोळ्यापुढे अंधारी येते. अशा वेळी पाणी प्या, सावकाश उठा, बीपी मोजून घ्या आणि डोस कमी करायचा का ते विचारा. जुलाब-उलट्या लागल्या तर त्याच दिवशी दवाखान्यात विचारा; एक-दोन दिवस गोळी थांबवावी लागते का, ते डॉक्टर ठरवतील.

दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या जोडप्यांनी जास्त दिवसांच्या गोळ्या मागून घ्याव्यात आणि औषधाची चिठ्ठी सोबत ठेवावी. ती दाखवून फडाजवळच्या सरकारी दवाखान्यातही उपचार चालू ठेवता येतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाताना गोळ्या घरी राहतात आणि रेल्वेत जागरण होते. शिदोरीबरोबर गोळ्याही बांधा.

उपोसथाच्या दिवशी गोळी घ्यावी का?

वर्षावासात पौर्णिमेला अष्टशील पाळणारे आपले ज्येष्ठ संध्याकाळची गोळी टाळतात. टाळू नये. भिक्खूंच्या चार गरजांत चीवर, भिक्षा आणि निवास यांच्या जोडीला औषधही आहे. औषध घेतल्याने शील मोडत नाही. ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन उपाशीपोटी पाण्याबरोबर चालतात. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर मात्र जेवण सोडण्याआधी डॉक्टरांना विचारा. तिथे उपाशी राहणे धोक्याचे आहे.

थांबू नका

तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, छातीत दाबल्यासारखे होणे, एकदम धाप लागणे, यांतले एक जरी दिसले तरी १०८ ला फोन करा. बीपीची जादा गोळी तोंडात घालून वाट पाहू नका.

बीपी दुखत नाही, म्हणूनच ते फसवते. त्रास नाही म्हणजे बीपी ताब्यात आहे, असा अर्थ घेऊ नका; ते मोजूनच कळते. पुढच्या रविवारी ओट्यावर कोणी म्हणाले, "म्या गोळी बंद केली," तर "बरं केलं" म्हणू नका. आशाताईंना बोलवा, नाहीतर सोमवारी तिच्यासोबत दवाखान्यात जा. जयभीम.