अक्काची सायकल

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचे दुकान काढले, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. खेड्यातल्या मुलीच्या हाती सायकल यायला मात्र फार वर्षे जावी लागली. कर्नाटक सरकारने २००६-०७ पासून आठवीच्या मुलामुलींना सायकली वाटल्या. इतर राज्यांनीही अशा योजना काढल्या. दिल्ली आयआयटीच्या सृष्टी अग्रवाल व सहकाऱ्यांनी राष्ट्रीय पाहणीचे आकडे तपासले, तेव्हा देशाच्या ग्रामीण भागात सायकलने शाळेला जाणाऱ्या मुली २००७ मधील ४.५ टक्क्यांवरून २०१७ मध्ये ११ टक्क्यांवर गेल्याचे दिसले.

हे वर्गात सांगून मी मुलांना विचारले, तुमच्या घरच्या सायकलीचे पुढे काय झाले? मुले हसली. (प्राध्यापकाने सायकलची चौकशी करावी हे त्यांना नवलच.) एक मुलगी म्हणाली, "सर, अक्काची सायकल दहावीनंतर अण्णाने डेअरीला दूध घालायला घेतली. कॉलेज लांब, बस वेळेवर नाही. अक्का घरीच राहिली."

"आणि आता?"

"आता ती दळणाचा डबा डोक्यावर घेऊन चालत जाते."

दळणाची ही फेरी २०११ च्या जनगणनेतही आलेली नाही. तिथे प्रश्न होता तो कामाच्या ठिकाणी कसे जाता, एवढाच. आमच्या मुलांनी यंदाच्या प्रकल्पाच्या प्रश्नावलीत पहिला प्रश्न घातला आहे : दळण कोण नेते, आणि कशावरून?